टायरचाही काठ वाचा

कापडाच्या धंद्यात मुरलेला माणूस थान हातात येताच आधी त्याचा काठ पाहतो. गिरणीचे नाव, मालाची जात, सारे काठावर छापलेले असते. गिऱ्हाईक रंग पाहते, व्यापारी काठ वाचतो. परंतु हाच व्यापारी टायरच्या दुकानात गेला की गिऱ्हाईकासारखा वागतो. नक्षी नवी दिसली, भाव उतरला, की खिशात हात घालतो. याच सवयीवर आज चार शब्द लिहायचे आहेत.

पुण्याला नोकरी करणारा माझा पुतण्या मागच्या ईदला बेलापूरला आला तो दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन. गाडी दुसऱ्या हातची, पण ऐटदार. गल्लीतील मुलांचा घोळका जमला. रात्री जेवताना तो म्हणाला, "चाचा, मागचे दोन टायर झिजलेत. शहरातल्या एका दुकानात स्वस्तात जोडी मिळतेय. बयाणा देऊन आलोय." त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. मला गाड्यांतले फार कळत नाही, पण काठ वाचायची खोड आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत मागच्या चाकांसाठी लिहिले होते 245/40 आर 18 93 वाय. फोटोतील टायरवर सारे आकडे तेच होते, फक्त शेवटचे अक्षर वायऐवजी व्ही होते. शेजारी लंबगोलात चार आकडे होते, 1418.

या अक्षरांचा हिशेब सोपा आहे. 245 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 40 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 40 टक्के, आर म्हणजे रेडियल, 18 इंचांची रिम. 93 हा वजनाचा आकडा आहे, तो एका टायरला 650 किलोपर्यंतची मुभा देतो. शेवटचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही 240, डब्ल्यू 270 आणि वाय 300. आणि 1418 म्हणजे 2018 सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला माल.

पुतण्याने दुकानदाराला फोन लावला. उत्तर आले, "माल वापरलेला नाही, म्हणजे नवाच." हे वाक्य मला टोचले. कारण वर्षानुवर्षे गोदामात पडलेले थान झटकून गिऱ्हाइकापुढे टाकताना मी स्वतः असे कधी बोललोच नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. न वापरलेले थान घडीवर फाटते, हे आपण सारे जाणतो. टायरचेही तसेच आहे. रबर हवेने, उन्हाने कडक होते, बाजूला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा, असे अनेक टायर कंपन्याच सांगतात. कित्येक मोटार कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात.

आपल्या कापडवाल्यांना आणखी एक गोष्ट समजायला सोपी जावी. टायर नुसते रबर नव्हे, आत कापड आहे. मोटारीच्या रेडियल टायरचा सांगाडा बहुधा पॉलिस्टरच्या मजबूत दोऱ्यांचा असतो. हे कापड विणताना सारा जोर ताण्यात असतो, बाणा केवळ दोरे जागच्या जागी धरण्यापुरता. त्यावर पोलादी तारांचे पट्टे येतात. वेगवान गाडीच्या टायरमध्ये त्या पट्ट्यांवर नायलॉनचा आणखी एक थर गुंडाळतात, कारण चाक जोरात फिरू लागले की पट्टे बाहेर उसळू पाहतात. म्हणजे वेगाचे अक्षर हे नुसते शोभेचे नाही, आतल्या बांधणीची ती साक्ष आहे.

यावर कोणी म्हणेल, समृद्धी महामार्गावर मोटारीला मर्यादाच ताशी 120 ची, मग 300 चा टायर घेऊन करायचे काय? शंका रास्त आहे. पण ते अक्षर केवळ पळण्याचे नाही, उष्णता सोसण्याचेही आहे. गाडीचे वळणे, थांबणे, सारे त्या बांधणीवर बेतलेले असते. एका आसावर वाय आणि दुसऱ्यावर व्ही अशी खिचडी केली की पावसात गाडी कोणत्या बाजूला वळेल याचा नेम राहत नाही. म्हणून पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये, एका आसावर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्यावेत, आणि ऐपत असेल तर चारही एकदम बदलावेत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरच्या बाजूची खूण असते, ती बसवणाऱ्याकडून उलटी होऊ नये म्हणून समोर उभे राहावे.

दुसरी चूक इसरफाची. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेले, जवळपास गुळगुळीत टायर काही तरुण हौसेने टाकतात. त्यांचे रबर मऊ, कोरड्या रस्त्यावर पकड भारी, पण ते लवकर झिजतात आणि साचलेले पाणी बाहेर फेकायला त्यांच्यात पुरेशा खाचा नसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी फोडलेले रस्ते. इथे ओल्या रस्त्यावर धरणारा टायर तोच खरा उत्तम टायर. कंजुषी आणि उधळपट्टी या दोन्हींपासून आपल्या दीनने सावध केले आहे. टायरच्या दुकानात या दोघी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

तिसरी चूक हवेची. उन्हात टायर तापून फुटतो म्हणून लोक महामार्गावर चढण्यापूर्वी हवा कमी करतात. हे नेमके उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून उष्णता वाढते आणि आतले दोरे सुटू लागतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, पट्टीवर लिहिली असेल तेवढी भरावी. 2023 मध्ये परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, ते काही उगीच नव्हे. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो बाद ठरतो. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की समजावे.

स्पोर्ट्स कार आपल्यातील किती जणांकडे असणार? पण मालेगावहून गाठी भरून येणारा टेम्पो, बाजाराला जाणारी व्हॅन, यांचाही काठ तसाच वाचायचा असतो. तिथे वेगाच्या अक्षरापेक्षा वजनाचा आकडा महत्त्वाचा. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. दहा हजारांच्या टायरमागे एक हजार रुपये वाचतात. पक्के बिल न घेण्याचे उरलेसुरले निमित्तही आता गेले. पैसे जुळत नसतील तर गाडी महिनाभर उभी ठेवावी, पण व्याजी हप्त्याच्या फंदात पडू नये.

शेवटी दोन शब्द टायर-पंक्चरच्या धंद्यातील भावांसाठी. या कामात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, आणि हातात हुनर आहे. मालातील ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे, हे मी नव्याने सांगायला नको. जुन्या टायरला काळे पॉलिश चोपडून तो नवा म्हणून देणे हा ऐब लपवणेच आहे. फरक इतकाच, की माझ्या दुकानातील खराब थान फाटले तर सदरा फाटतो, तुमच्या दुकानातील टायर फाटला तर घरे उजाड होतात. गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी ते चार आकडे स्वतः दाखवा. एखादा सौदा जाईल, पण दहा गिऱ्हाइके तुमचे नाव घेऊन येतील, इन्शाअल्लाह.

पुतण्याने ती जोडी घेतली नाही. बयाणा बुडाला. त्याने गाडी दोन आठवडे उभी ठेवली, पगार झाल्यावर वाय अक्षराची ताजी जोडी पक्क्या बिलावर घेतली. बयाण्याचे त्याला वाईट वाटले. मी म्हटले, "बेटा, ती फी समज. काठ वाचायला मी शिकलो तेव्हा मलाही अशीच भरावी लागली होती."