बोंबलणाऱ्याची मुस्कटदाबी

गाडीचा बझर उगाच बोंबलू लागला की मेकॅनिकचं एकच औषध: ‘साहेब, वायर कापून टाकू?’ म्हणजे मूल रडलं की तोंडात बोळा! अहो, बझर बिचारा बहुधा निर्दोष असतो. दार उघडून चौकटीतलं बटण बोटानं दाबा. आवाज थांबला तर बटण ठीक. दारच लोंबलंय, ते बटणापर्यंत पोचत नाही. नाही थांबला, तर बटण गंजून अडकलंय किंवा वायर कुठंतरी घासलीय. पण शोधायचे कष्ट कुणाला? १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण देणारा बझर सक्तीचा झाला, तर आमच्या लोकांनी बेल्टऐवजी नुसती क्लिपच खोचली! बझर गप्प बसतो हो. अपघात बसत नाही.