दस्तुरी नाक्यावर उतरण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत किंवा एखाद्या शनिवार-रविवारी घरच्यांना घेऊन माथेरानला निघाला असाल, तर बॅगा भरण्याआधी हे वाचून घ्या. गाव फार चांगलं आहे. हवा गार, झाडी दाट, गाड्यांचा आवाज नाही. तरीही तिथून परतलेली बरीच माणसं वैतागलेली भेटतात. त्यांचं गाऱ्हाणं नीट ऐकलं तर ते गावाबद्दल नसतंच. ते पहिल्या अर्ध्या तासाबद्दल असतं.

तो अर्धा तास दस्तुरी नाक्यावर जातो. माथेरानात खासगी गाडी नेता येत नाही. तुमची गाडी किंवा नेरळहून केलेली टॅक्सी नाक्यावरच थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. उतरल्याबरोबर चार जण पुढे येतात. एक जण बॅगेला हात घालतो. दुसरा विचारतो, "हॉटेल कुठलं?" तुम्ही नाव सांगता. "अहो, ते लांब आहे, सहा-सात किलोमीटर. ट्रेन बंद आहे आज. घोडाच करावा लागेल." पोरगं कंटाळलेलं असतं, आजींचे गुडघे बोलत असतात, डोक्यावर ऊन. तुम्ही हो म्हणून टाकता. संध्याकाळी बाजारात कळतं, ट्रेन दिवसभर चालू होती. मग पुढचे दोन दिवस चहावाल्यापासून चिक्कीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे तुम्ही संशयाने बघता. ज्यांनी तुमचं काही बिघडवलं नाही, त्यांच्यावरही राग निघतो.

गावालाही हे नको आहे, हे लक्षात ठेवा. मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या लोकांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. नाक्यावर पाहुण्यांची दिशाभूल होते, ती थांबवा, ही त्यांची मागणी होती. स्वतःच्या पोटावर पाय देऊन माणसं असा बंद उगाच करत नाहीत. तेव्हा "माथेरानवाले लुटतात" असं सरसकट म्हणू नका. फसवणारे थोडे असतात. पण ते नेमके दारातच उभे असतात.

यावर उपाय घरूनच सुरू करा.

हॉटेल ठरवताना फोनवर बोला आणि स्पष्ट विचारा. नाक्यापासून तुमचं हॉटेल किती लांब? चालत किती वेळ लागतो? घ्यायला माणूस पाठवता का? हमाल साधारण किती घेतो, घोडा किती घेतो? हे विचारायला लाजू नका. चांगला हॉटेलवाला न कंटाळता सांगतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे खोली घेऊ नका. सरकारी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तर नाक्याच्या अगदी जवळ आहे. तिथे उतरणार असाल तर घोड्याची गरजच नाही.

मग जेवणाचं विचारा. माथेरानात पुष्कळ ठिकाणी खोली आणि जेवण एकत्र ठरवतात. त्यात दोन्ही वेळचं जेवण आहे का, चहा-नाश्ता आहे का, मुलांचे वेगळे पैसे पडतात का, हे विचारून घ्या. गरम पाणी किती ते किती मिळतं, खोली किती वाजता सोडायची, हेही विचारा. काही ठिकाणी सकाळी लवकरच खोली सोडावी लागते. ते आदल्या रात्री कळलं की सगळं घर अंघोळीच्या रांगेत भांडत बसतं.

जे बोलणं झालं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. दोन ओळी पुरतात. पुढे वाद झाला तर त्या दोन ओळीच कामाला येतात.

पैसे पाठवताना मात्र जपून. इंटरनेटवर हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर असतात. गोड बोलून अ‍ॅडव्हान्स घेतात आणि फोन बंद करतात. नंबर दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा. "आत्ताच्या आत्ता भरा, नाहीतर खोली जाईल" अशी घाई कुणी केली तर थांबा. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. ऑनलाइन फसवणुकीसाठीच तो सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता नाक्यावर उतरलात. कुणाला काही उत्तर द्यायच्या आधी बॅगा स्वतःजवळ ठेवा. मुलांना पाणी द्या. आजींना सावलीत बसवा. घरातल्या एकाने अमन लॉज स्टेशनपर्यंत चालत जावं. ते जवळच आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल धावते. ट्रेन चालू आहे की बंद, पुढची किती वाजता, हे खिडकीवर विचारा. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी ट्रेन बंद असते, पण वरची शटल साधारणपणे चालू असते. या दोन गोष्टींची गल्लत करूनच माणसाला फसवलं जातं.

नेरळ-माथेरानची ही छोटी ट्रेन १९०७ पासून धावते आहे. मुलांना तिच्यात बसवाच. जागा कमी असते, रांग लावावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

ट्रेन मिळाली नाही तर ई-रिक्षा आहेत. गर्दीच्या दिवशी तिथेही रांग असते. म्हाताऱ्या माणसांना आधी त्यात बसवा, बाकीच्यांनी चालावं. रस्ता झाडीतून जातो, फार चढ नाही. सामान जड असेल तर हमाल करा, पण दर आधी ठरवा. एका बॅगेचा की सगळ्यांचा, हेही बोलून घ्या. आणि चाकांच्या मोठ्या बॅगा नेऊ नका. आतल्या वाटांवर लाल मातीत चाकं रुततात आणि शेवटी ती बॅग कुणाच्या तरी डोक्यावरच जाते.

माणसाने ओढायच्या हातरिक्षेबद्दल एक सांगतो. एक पुढून ओढतो, एक-दोघं मागून रेटतात, आणि वर आपण बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पोट चालवायलाही सांगितलं. हा निर्णय योग्यच होता. तुमच्याने चालवत असेल, तर माणसाच्या खांद्यावर प्रवास करू नका.

घोडा करायचाच असेल तर चार गोष्टी आधी बोलून घ्या. पैसे घोड्यामागे की माणसामागे? कुठले पॉइंट दाखवणार, नावं सांगा. थांबायचा वेळ त्यात धरला आहे का? परत आणून सोडणार का? "दहा पॉइंट दाखवतो" यावर भुलू नका. शार्लोट तलाव, एको, लुईझा, पॅनोरमा अशी नावं घेऊन विचारा. घोडा पळवायचा नाही, लगाम त्याने स्वतःच्याच हातात ठेवायचा, असं घोडेवाल्याला बजावून सांगा. लहान मुलाला एकटं बसवू नका. घोडा थकलेला किंवा लंगडता दिसला तर दुसरा मागा.

खोलीत गेलात की आधी अंग टाकू नका. नळ सोडून बघा. गीझर, दिवे, पंखा, कडी-कोयंडा तपासा. चादर उचलून गादी बघा. काही बरं नसेल तर लगेच सांगा. पहिल्या दहा मिनिटांत खोली बदलून मिळू शकते. दुसऱ्या दिवशी सांगितलंत तर नुसतं "हो हो, बघतो" मिळतं.

आणि कुणाला सांगता ते बघा. पाण्याची बादली घेऊन आलेला पोरगा बहुतेक वेळा दूरच्या गावचा असतो. त्याच्या हातात काही नसतं. त्याच्यावर ओरडून खोली बदलत नाही, फक्त तो पोरगा तुमच्या दाराशी यायचं टाळतो. मॅनेजरला किंवा मालकाला गाठा. आवाज न चढवता, काय हवं आहे ते एका वाक्यात सांगा.

भाव थोडे चढे का, तेही समजून घ्या. भाजी, दूध, गॅसचे सिलिंडर, सगळं नाक्यापासून घोड्यांच्या पाठीवर किंवा हातगाडीवर येतं. पाणीसुद्धा खाली नेरळकडून वर चढवावं लागतं. म्हणून थाळीला, चहाला चार पैसे जास्त पडणार. त्यावरून हुज्जत घालू नका. पाणीही जपून वापरा.

पण दुकानातल्या बाटलीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही. वर आणायला खर्च आला, ही सबब तिथे चालत नाही. बसून जेवायच्या हॉटेलात पाण्याच्या बाटलीला जास्त लावू शकतात, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. म्हणून तिथे ऑर्डर देण्याआधी भाव बघा.

बिल आलं की वाचा. त्यात सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला असेल तर काढायला सांगा. जुलै २०२२ पासून तसा नियम आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तुम्हाला द्यायचं असेल तर द्या, पण वाढणाऱ्याच्या हातात द्या. जीएसटी वेगळा. तो कर आहे, तो भरावा लागतो.

खरोखरच फसवलं गेलात तर तिथल्या तिथे पावती, फोटो, रिक्षाचा किंवा घोड्याचा नंबर, वेळ, एवढं जपून ठेवा. नगरपरिषदेच्या कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात जाऊन सांगा. दमदाटी झाली तर ११२ लावा. घरी आल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. रक्कम मोठी असेल तर ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, तारखेसाठी रायगडला हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रार करणं म्हणजे सूड नव्हे. तुमच्या मागून येणाऱ्या कुटुंबाचे पैसे त्याने वाचतात.

चांगलं वागलेल्या माणसाचंही नाव लक्षात ठेवा. रात्री उशिरा आजींसाठी गरम पाणी आणून देणारा, मुलाला माकडापासून वाचवणारा, वाट चुकलात तर चार पावलं सोबत येणारा. अशी माणसं तिथे भेटतात. त्यांच्या मालकाला नाव घेऊन सांगा. पगारवाढीच्या वेळी तुमचं ते एक वाक्य त्यांच्या उपयोगी पडू शकतं.

माथेरानच्या मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. तुमच्या गावात पाहुणा येतो तेव्हा तो दमलेला, अनोळखी आणि बायकामुलांसह असतो. त्याला पहिलं खरं वाक्य तुमच्याकडून ऐकू येऊ दे. हॉटेलवाल्यांनी बुकिंगच्या फोनवरच अंतर आणि दर सांगून टाकावेत. प्रामाणिक घोडेवाल्यांनी खोटं बोलणाऱ्याला आपल्यातून बाजूला करावं, कारण त्याच्या पापाचा भुर्दंड तुम्हालाच बसतो. आणि घोडा, हमाल, ई-रिक्षा यांचे दर, शटलच्या वेळा आणि बाजारपेठेपर्यंतचं अंतर मोठ्या अक्षरात, मराठी, हिंदी आणि गुजरातीत, गाडीतून उतरताच दिसेल अशा जागी लावा. येत्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी लावा.