फत्ते: पूर्णविराम नव्हे, उघडलेले दार

१/ ठाणे-कल्याणच्या इतिहासाविषयी लिहिताना ‘फत्ते’ हा शब्द बहुधा पूर्णविरामासारखा वापरला जातो. किल्ला फत्ते झाला, हकिकत संपली. शब्दाचे मूळ मात्र नेमके उलटे सांगते.

२/ ‘फत्ते’ हा शब्द अरबी ‘फतह’पासून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या धातूचा मूळ अर्थ ‘उघडणे’. कुराणाचा आरंभीचा अध्याय ‘अल्-फातिहा’ आणि किल्लीसाठीचा अरबी शब्द ‘मिफ्ताह’ हे त्याच कुळातले.

३/ ‘काबीज’ची जात निराळी. तो ‘कब्ज’पासून आला, म्हणजे मुठीत धरणे. बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. इतिहासलेखनात त्यांतील भेद राखला पाहिजे, कारण दार उघडणे एक आणि ठिकाण मुठीत राखणे दुसरे.

४/ ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण-भिवंडी घेतली. या विजयाचे मोल केवळ शहरात नव्हते. खाडीतून समुद्राची वाट मोकळी झाली आणि अल्पावधीतच या परिसरात जहाजबांधणी सुरू झाली. मराठी आरमाराचा आरंभ तो हाच. ‘फत्ते’ शब्द येथे मुळासकट शोभतो.

५/ मार्च १७३७. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे बांधकाम तेव्हा पुरेही झाले नव्हते. साष्टीचे दार उघडले. पण वसई शरण येण्यास मे १७३९ उजाडला. या दोन वर्षांतील वेढे, खर्च आणि मनुष्यहानी ‘फत्ते’च्या एका तारखेत मावत नाहीत.

६/ डिसेंबर १७७४. इंग्रजांनी तोच किल्ला हल्ला करून घेतला. १७८२च्या सालबाईच्या तहानेही साष्टी त्यांच्याकडेच ठेवली. १७३७साठी ‘फत्ते’ आणि १७७४साठी ‘बळकावले’ असे लिहिणे भावनेला पटेल, न्यायाला नाही. दोन्ही वेळी दार शस्त्रबळानेच उघडले होते. फरक पुढे कोणी काय राखले, याचा आहे.

७/ आज त्या किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. ‘उघडणे’ या अर्थाच्या शब्दाने गौरवलेल्या वास्तूत आता बंद दारांचा कारभार चालतो.

८/ म्हणून विजयाची तारीख सांगणाऱ्याने आणखी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: त्या दिवशी काय उघडले आणि ते किती काळ राखता आले? त्यांवाचून ‘फत्ते’ ही केवळ घोषणा उरते.