गाणे कानाने येते, पण धडा बोटानेही वाचता यावा



एकादशीच्या भजनाला बसलेले मंडळ डोळ्यांपुढे आणा. टाळकरी, पखवाजी, पेटीवाला. कित्येक गावांत यांपैकी एखादा अंध असतो, आणि ऐकणारे मान डोलावून म्हणतात, "देवाने डोळे नेले, पण सूर दिला." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण या एका वाक्याने मुलांचे नुकसान होते. ज्या अंध मुलाला गाण्याची ओढ असते त्याला कोणी पद्धतशीर शिकवीत नाही, कारण "त्याला काय, देणगीच आहे." आणि ज्याला ओढ नसते त्याच्यापुढे उगीच पेटी सरकवली जाते. डोळे गेल्याने सूर आपोआप येत नाही. तो शिकूनच यावा लागतो, आणि शिकायला साधन लागते. आज त्या साधनांविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, गाणे ही कानाची विद्या. तिथे वाचायचे काय? खरे आहे, गुरूपुढे बसून, ऐकून, घोकूनच गाणे येते. पण डोळस मुलगा घरी आल्यावर वही उघडतो. वहीत बंदिशीचे बोल असतात, त्यांखाली स्वर असतात, सम कुठे, खाली कुठे, हे लिहिलेले असते. आठ दिवसांनी विसरले तर तो पान उलटतो. अंध मुलाकडे ती वही नसते. विसरला की गुरुजी येईपर्यंत किंवा मोठ्या भावाला सवड होईपर्यंत त्याने थांबायचे. सुगीच्या दिवसांत कोणाला सवड असते? मुलगा मागे पडतो तो इथे, आणि आपण म्हणतो त्याला जमत नाही.

आपली छापील स्वरलिपी पाहा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. डोळ्याला किती सोपे! पण बोटाला तो नुसता गुळगुळीत कागद.

ही अडचण ज्याने सोडवली तो जिनगराचा मुलगा होता. फ्रान्समधल्या कूव्रे गावी १८०९ साली लुई ब्रेलचा जन्म झाला. बाप घोड्यांची खोगिरे आणि लगाम शिवायचा. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात खेळत असता आरी डोळ्यात गेली. जखम चिघळून दुसराही डोळा गेला. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे उठावाची मोठमोठी अक्षरे चाचपून वाचायला शिकवीत. वाचायला फार वेळ लागे, आणि मुलाला स्वतः लिहिता तर येतच नसे. शार्ल बार्बिये नावाच्या अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक लिपी शोधली होती, पण एवढी टिंबे बोटाच्या एका पेरात मावत नसत. ब्रेलने ती सहावर आणली. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. या सहा टिंबांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात, आणि तेवढ्यात सारी अक्षरे बसतात.

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. ब्रेल स्वतः संगीत जाणणारा होता, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १८२९ साली त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक काढले, तेव्हा त्यात शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचीही रीत दिली. म्हणजे अंधांच्या लिपीत संगीत मागाहून घुसडलेले नाही, ते आरंभापासून आहे. तिकडच्या संगीताच्या ब्रेलमध्ये वरची चार टिंबे सूर कोणता ते सांगतात, आणि खालची दोन तो किती वेळ धरायचा ते सांगतात.

आपल्या मराठीसाठी भारती ब्रेल आहे. ती १९५१ साली देशातल्या भाषांसाठी ठरली. तिच्यात 'स' लिहायचा तर डावीकडची मधली आणि खालची, व उजवीकडची वरची अशी तीन टिंबे उठवायची. त्यात डावीकडचे वरचे टिंब मिळवले की 'प' झाला. षड्जाला एक टिंब जोडले की पंचम! सरगम अशी अक्षरांनी लिहिता येते. कोमल, तीव्र, मंद्र, तार यांसाठी अक्षराच्या आधी एक ठरावीक खूण लिहावी. जवळच्या अंधशाळेत जी खूण चालते तीच घ्यावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचा अर्थ लिहून ठेवावा.

यासाठी लागते काय? ब्रेलची पाटी, टोचणी आणि जाड कागद. वीज नको. कागद पाटीत धरून टोचणीने मागच्या बाजूने टिंबे उठवतात, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. गाणारा मुलगा पानावर बोट ठेवून गाऊ शकतो. पेटीवाल्याचा मात्र एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर. त्याने ओळ आधी वाचावी, पाठ करावी, मग वाजवावी.

पेटी ओळखायला तर निराळी खूणही नको. काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या जुडग्यांनी असतात. दोनच्या जुडग्याला लागून डावीकडे पांढरी एक, जुडग्यातली पहिली ती काळी एक. एवढे बोटाला समजले की मुलगा आपला षड्ज आपण शोधतो. त्याचा हात धरून पट्टीवर ठेवू नका, त्याला शोधू द्या.

लिहिलेल्या धड्याची किंमत आपल्याच मातीतल्या एका माणसाने ओळखली होती. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर लहान असताना दारू उडवताना भाजले आणि त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ ते गाणे शिकले, आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. डोळे अधू असलेल्या या गवयाने स्वतःची स्वरलिपी बसवली आणि संगीताची पुस्तके काढली. कान एवढा तयार असूनही धडा लिहिलेला हवा, हे त्यांनी जाणले.

आता घरोघरी फोन आला आहे. त्याचाही उपयोग करा. गुरुजींची परवानगी घेऊन शिकवणी ध्वनिमुद्रित करावी. सूर न बदलता लय कमी करून ऐकण्याची सोय मिळते. अवघड तान तशी ऐकावी. तानपुरा आणि तबल्याचा ठेकाही फोनवर मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचे वाचून दाखवणारी 'टॉकबॅक' नावाची सोय असते, म्हणून मुलगा हे सारे कोणाला न विचारता करू शकतो. मात्र स्वराखालची रेघ आणि टिंब फोन नीट वाचील असा भरवसा धरू नका. ब्रेलची वही हवीच.

आणि ज्याला ऐकू येत नाही त्याचे काय? इव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याची मुलगी, जन्म १९६५. बाराव्या वर्षापर्यंत ती जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. शाळेतल्या शिक्षकाने तिला भिंतीला हात लावून मोठ्या नगाऱ्यांची थरथर ओळखायला शिकवले. खालचे सूर पायांत आणि वरचे चेहऱ्यात व मानेत जाणवतात, हे तिने हेरले. ती अनवाणी वाजवते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ढोल-ताशांसारख्या तालवाद्यांच्या मोठ्या ताफ्यापुढे तीच होती. तेव्हा बहिऱ्या मुलाला ढोलापासून दूर बसवू नका. पखवाजाच्या खोडावर त्याचा तळवा ठेवून पाहा.

शेवटी हक्काची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शिकण्याचे साहित्य आणि योग्य साधने विनामूल्य मिळावीत, अशी तरतूद आहे. दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा. मग शाळेत जाऊन ब्रेलची पाटी आणि ब्रेल शिकवणारे शिक्षक, दोन्ही लेखी मागा. नुसती पाटी मिळून ती फडताळात पडली तर उपयोग नाही.

मूल घरात असेल तर वेळ दवडू नका. बोटांना टिंबांची सवय लहानपणी लवकर लागते. आणि घरातल्या एका डोळस माणसानेही ती सहा टिंबे शिकून घ्यावीत. थोरली बहीण असेल तर तिने, आजोबा असतील तर त्यांनी. भावंडांत एकाच्या हाती वही आणि दुसऱ्याच्या हाती नुसती आठवण, हे बरोबर नाही. दोघांच्याही हाती वही द्या. मग कोण गाणारा आणि कोण ऐकणारा, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.