नुसतंच 'टक्'!

गावाला निघायची घाई, बाबांनी किल्ली फिरवली अन् नुसतंच 'टक्'! लगेच सगळे म्हणतात, "बॅटरी गेली." थांबा, आधी हेडलाइट लावायला सांगा. किल्ली फिरवताना दिवे मंदावून 'टकटकटक' झालं, तर बॅटरी उतरलीय. पण दिवे लख्ख आणि 'टक्' एकदाच? मग संशय स्टार्टरच्या सोलेनॉइडवर. (मी हे न बघताच नवी बॅटरी आणली होती!) त्यातलं तारेचं वेटोळं वीज मिळताच लोहचुंबक बनतं आणि लोखंडी दांडा खेचतं, तोच हा 'टक्'. दांडा तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो, तेव्हा स्टार्टर मोटरला वीज जाते. संपर्क जळाले असले, तर दांडा सरकूनही वीज अडते. मेकॅनिककाका सोलेनॉइडच्या मोटरकडच्या बोल्टला १२ व्होल्टचा छोटा दिवा लावून बघतील. 'टक्' होऊनही दिवा पेटला नाही, तर दोष सोलेनॉइडचा. पेटला, तर मोटरचा.