निराधारचा पगार अडीच हजार, आणि गोळ्या?

पक्षाघातानंतर एक बाजू लुळी पडलेल्या माणसाची चिठ्ठी कशी असते, ते पाहा. रक्तदाबाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी, हातापायांचा ताठरपणा कमी करणारी एक. मधुमेह असेल तर त्याच्या दोन. मध्ये कधी फिट आली असेल तर तिची वेगळी. यातली बहुतेक औषधे वर्षानुवर्षे, काही तर जन्मभर घ्यायची असतात.

आता त्याचे उत्पन्न पाहा. काम सुटलेले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना पूर्वी महिना १,५०० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० झाले. वाढ झाली हे चांगलेच आहे. पण घरातला किराणा, विजेचे बिल आणि दवाखान्यात जायचे रिक्षाभाडे यातूनच जाते. मग काटछाट कशात होते? गोळ्यांत.

लोक गोळी एकदम बंद करत नाहीत. ‘एक दिवसाआड घेतो’, ‘अर्धी मोडून घेतो’, ‘पगार जमा झाला की आणतो’, असे चालते. हे मला धोक्याचे वाटते. फिटची गोळी दोन-चार दिवस चुकली तर न थांबणारी फिट येऊ शकते. ताठरपणासाठी दिली जाणारी बॅक्लोफेन अचानक थांबवली तर भास होतात, झटके येतात. रक्तदाबाची गोळी सोडली तर दुसरा पक्षाघात दाराशी उभाच असतो. वाचवलेले शे-दोनशे रुपये मग अतिदक्षता विभागात जातात.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या मोठ्या योजना खाटेवरच्या रुग्णाचा विचार करतात, घरी गोळ्या घेणाऱ्याचा फारसा करत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा आणि भरती होऊन घेतलेल्या उपचारांचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण घरी गेल्यावर दर महिन्याला मेडिकलमध्ये होणाऱ्या बिलाला ती मुख्यतः लागू होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम २४ मात्र सांगते की, ठरावीक उत्पन्नमर्यादेतील दिव्यांगांसाठी औषधे, तपासण्या आणि साधने मोफत देण्याची तरतूद योजनांमध्ये असावी. म्हणजे पेन्शन आणि औषध या दोन्ही गोष्टी कायद्याने एकाच कलमात ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात पेन्शन तहसील कार्यालयातून मिळते आणि औषधासाठी माणूस दारोदार फिरतो. पेन्शन मंजूर होतानाच ‘तुमची औषधे अमुक सरकारी रुग्णालयातून दर महिन्याला मिळतील’ असा कागद हातात पडला पाहिजे. ही मागणी रुग्णांनी आणि त्यांच्या संघटनांनी लावून धरावी, आम्ही डॉक्टरांनीही धरावी.

तोपर्यंत हात बांधून बसू नका. आज जे उपलब्ध आहे, ते असे:

१. सरकारी रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत शुल्क नाही. रक्तदाब, मधुमेह, फिट यांची नेहमीची औषधे आधी तिथे विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकेची रुग्णालये या विभागाखाली येत नाहीत, तिथले नियम वेगळे असतात.

२. मानसिक आजार. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत. हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

३. निरामय विमा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ही योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा व औषधांचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. बिले मात्र जपून ठेवावी लागतात.

४. जनऔषधी केंद्र. ब्रँडच्या तुलनेत औषधे निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. जाण्यापूर्वी ‘जनऔषधी सुगम’ या अॅपवर औषध आणि जवळचे केंद्र शोधता येते.

५. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका. स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम त्यांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. त्यातून वैद्यकीय खर्चाला काय मदत मिळते, हे लेखी अर्ज करून विचारा.

यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक आणि चालू चिठ्ठी यांच्या प्रती एका पिशवीत कायम तयार ठेवा. एका कागदासाठी दुसरी फेरी पडली की ती रिक्षाच्या भाड्यात जाते.

शेवटचा मुद्दा आमच्या खोलीतला. गोळ्या परवडत नाहीत हे सांगायला बहुतेक रुग्ण लाजतात. डॉक्टर काय म्हणतील, असे वाटते. पण आम्हाला ते कळले नाही, तर रक्तदाब उतरत नाही म्हणून आम्ही आणखी एक गोळी वाढवतो, आणि खर्च अजून चढतो! म्हणून सरळ विचारा: ‘डॉक्टर, यातली सर्वांत गरजेची कोणती? आता बंद करता येईल अशी एखादी आहे का? जेनेरिक नावाने लिहून द्याल का?’ जुन्या चिठ्ठीत अॅसिडिटीच्या, ताकदीच्या किंवा एकाच कामाच्या दोन गोळ्या कित्येकदा वर्षानुवर्षे तशाच चाललेल्या असतात. त्या कमी करणे हे आमचे काम आहे. फिटच्या गोळीची कंपनी मात्र स्वतःहून बदलू नका, बदल डॉक्टरांना सांगूनच करा. आणि कोणतीही गोळी पैशासाठी थांबवण्याआधी एक फोन नक्की करा.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला जोडून ‘महिन्याला किती पैसे लागतात?’ हाही विचारत जा. रक्तदाब मोजण्याइतकेच ते गरजेचे आहे.