नापास ठरलेल्यांचा संघ

दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचे (लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे ते फुटबॉल) संघ रिकामे केले. १९४३ साली क्लीव्हलंड रॅम्सने हंगामच सोडून दिला. पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स यांनी एका हंगामापुरती मोट बांधली. लोकांनी दोन नावे जोडून तिला ‘स्टीगल्स’ म्हटले. आजही या संघाचा विषय निघाला की त्या नावाचीच गंमत सांगितली जाते. मला ते खटकते.

या संघातले बरेच जण लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत नापास झालेले होते. कुणाला अल्सर, तर कुणाला एका कानाने ऐकूच येत नव्हते. धडधाकट दिसणारा गडी मैदानात समोरच्याला लोळवतो आणि आघाडीवर मात्र जात नाही, हे मुले युद्धावर पाठवलेल्या घरांना सलणारच. तो संशय त्यांनी मुकाट्याने सोसला. शिवाय प्रत्येकाने युद्धसामग्रीच्या कारखान्यात आठवड्याला ४० तास राबायचे, ही संघाची अट. सराव संध्याकाळी.

टोनी बोव्हाचेच बघा. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानेही धड दिसत नव्हते. पास लांबून गरगरत येतो, बचावपटू अंगावर झेपावतात आणि चेंडू किती जवळ आला हे त्याच क्षणी ओळखावे लागते. तरीही त्या हंगामात पास झेलण्यात संघात अव्वल तोच. अल्सरमुळे सैन्यातून परत पाठवलेला जॅक हिंकल चेंडू घेऊन ५७१ यार्ड धावला. लीगमधला पहिला क्रमांक एका यार्डाने हुकला.

ग्रीझी नील आणि वॉल्ट कीसलिंग या दोन प्रशिक्षकांचे तर विळ्याभोपळ्याचे सख्य. शेवटी एकाने चढाई सांभाळली, दुसऱ्याने बचाव. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध चेंडू दहादा हातून निसटला, तरी सामना २८-१४ असा जिंकला. हंगामात पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी. पराभवांपेक्षा विजय जास्त, हे ईगल्सच्या वाट्याला पहिल्यांदाच आले.

दोन संघ एकत्र केले की आपोआप जमते, असे कुणी म्हणू नये. पुढच्याच वर्षी स्टीलर्सनी शिकागो कार्डिनल्सशी हातमिळवणी केली आणि दहाच्या दहा सामने गमावले. १९४३ चे यश मालकांच्या तडजोडीचे नव्हते. दिवसभर कारखान्यात उभे राहून संध्याकाळी मैदानात उतरणाऱ्यांचे होते.

२००३ मध्ये पिट्सबर्गला स्टीगल्सच्या हयात खेळाडूंचा सत्कार झाला. बोव्हा तोवर हयात नव्हता. तो सत्कार निदान तीस वर्षे आधी व्हायला हवा होता.